लाखेच्या तबकडीतला नाताळ

दिवाळी अंकाच्या पानांवर नाताळाचे पुराण कशासाठी, असे कुणी विचारील. त्याला उत्तर असे, की सणांचा इतिहास हा प्रकारच मोठा विलक्षण आहे. सण जुना असतो. पण त्या सणाचा म्हणून जो भाव आपण उराशी बाळगतो, तो पुष्कळदा अगदी अलीकडचा असतो. तो कुणी घडवला आणि कशापायी घडवला, याची नोंद ना पुराणात सापडते ना पंचांगात. इंग्रजी बोलणाऱ्या जगापुरते पाहिले, तर नाताळ म्हणताच लक्षावधी माणसांच्या कानात जो एक स्वर घुमू लागतो त्याची जन्मतारीख सांगता येते, गाव सांगता येते. फार काय, त्याला जन्माला यायला किती मिनिटे लागली हेही सांगता येते. असा योग इतिहास धुंडाळणाऱ्याच्या वाट्याला क्वचितच येतो. म्हणून हा उद्योग.

तो स्वर बिंग क्रॉस्बी या अमेरिकन गवयाचा. १९४५ साली डेक्का कंपनीने त्याच्या दहा गाण्यांचा एक संग्रह काढला. पाच तबकड्या, प्रत्येकीच्या दोन बाजू, आणि वर फोटोंच्या आल्बमसारखी जाड पुठ्ठ्याची बांधणी. नाव अगदी साधे: ‘मेरी ख्रिसमस’. हा संग्रह पुढे कधीही बाजारातून नाहीसा झाला नाही. तबकडीचे आकार बदलले, यंत्रे बदलली, गाणारा काळाच्या पडद्याआड गेला. संग्रह मात्र दर डिसेंबरात नव्याने दुकानात येतच राहिला.

त्याची गाणी एकेक करून तपासली, की एक गोष्ट चटकन ध्यानात येते. ख्रिस्तजन्माच्या सणाचा हा संग्रह. पण दहांपैकी सहा गाण्यांत ख्रिस्तजन्माचा प्रसंग येतच नाही, आणि देवाच्या म्हणाव्या अशा चारांपैकीही एकाचा नाताळाशी संबंध नाही. बाजाराने देवाला गाभाऱ्यातून उठवून स्वतः आसन मांडले, असा निवाडा यावर झटकन देता येईल. पुष्कळांनी तो दिलाही आहे. पण निवाडा देण्यापूर्वी साक्षीपुरावा पाहावा, असे मला वाटते.

२

हॅरी लिलिस क्रॉस्बी हे त्याचे पाळण्यातले नाव. जन्म ३ मे १९०३ चा, अमेरिकेच्या वायव्येकडील टॅकोमा या गावी. लहानाचा मोठा झाला तो स्पोकेन येथे. वर्तमानपत्रातले ‘बिंगव्हिल ब्यूगल’ हे विनोदी सदर त्याला लहानपणी फार आवडे, त्यावरून पोरांनी त्याला ‘बिंग’ म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव जन्माचे चिकटले. आई कट्टर कॅथलिक. शिक्षण जेझुइट पाद्र्यांच्या गोन्झागा विद्यालयात झाले. तिथे कायद्याच्या अभ्यासापर्यंत मजल गेली, पण गाण्याच्या नादापायी तो अभ्यास अर्ध्यावर सोडून स्वारी बाहेर पडली.

त्या काळचे अमेरिकन गवई थिएटरच्या शेवटच्या रांगेसाठी गात. आवाज मोठा, हातवारे मोठे. १९२५ साली विजेच्या साह्याने ध्वनिमुद्रण करण्याची पद्धत आली आणि मायक्रोफोन कुजबूजसुद्धा टिपू लागला. आपल्याकडे संगीत नाटकातला नट पिटातल्या शेवटच्या प्रेक्षकापर्यंत तान पोचवी. भावगीत गाणारा मात्र जवळ बसून बोलल्यासारखा गाऊ लागला, कारण त्याच्यापुढे यंत्र आले होते. नेमका हाच फरक तिकडेही पडला. क्रॉस्बीने हे यंत्र ओळखले. त्याचा आवाज खर्जाकडे झुकणारा, सैल, उबदार. गाताना त्याला कसलीही घाई नसे. हजारो मैलांवरच्या माणसालाही तो आपल्याच बैठकीत, आपल्याच खुर्चीशेजारी उभा राहून गातो आहे असे वाटे. पुढच्या साऱ्या कथेचे बीज या ‘जवळ असल्याच्या’ भासात आहे.

१९३४ साली जॅक कॅप नावाच्या एका धोरणी गृहस्थाने अमेरिकेत डेक्का कंपनी काढली. मंदीने तबकड्यांचा धंदा पार बसवला होता. इतर कंपन्यांची नामांकित तबकडी ७५ सेंटला मिळे. कॅपने आपली ३५ सेंटला विकली आणि क्रॉस्बीला पहिल्याच वर्षी करारात बांधून घेतले. कॅपची सारी श्रद्धा सुरावटीवर होती. लोकांना चाल स्पष्ट ऐकू आली पाहिजे, बाकीच्या करामती नकोत, असा त्याचा हेका असे. त्याच्या स्टुडिओत रेड इंडियन राजकन्या पोकाहॉन्टस हिचा पुतळा हात उंचावून उभा होता आणि ‘चाल कुठे आहे?’ असा सवाल त्या पुतळ्याच्या नावावर लिहून ठेवलेला होता. अशा ह्या मनुष्याने क्रॉस्बीला गळ घातली, की तू नाताळातली देवाची गाणी गा.

क्रॉस्बी बिचकला. सिनेमात प्रेमगीते गाऊन पैसे मिळवणे निराळे, आणि देवळातले गाणे गाऊन पैसे मिळवणे निराळे. हा धर्माचा व्यापार होईल, असे त्याच्या मनाने घेतले. अखेर तोड निघाली ती अशी, की ‘सायलेंट नाइट’ या गीताचे उत्पन्न गवयाने स्वतःकडे ठेवायचे नाही, धर्मादायाकडे वळवायचे. १९३५ साली हे गीत ध्वनिमुद्रित झाले आणि दुसऱ्या बाजूला ‘अडेस्टे फिडेलिस’ हे अठराव्या शतकातले लॅटिन स्तोत्र आले. वर सांगितलेला निवाडा देणाऱ्यांनी हा प्रसंग विसरू नये. ज्याच्या आवाजावर पुढे नाताळाचा सारा बाजार उभा राहिला, त्याला त्या बाजाराच्या उंबरठ्यावर पाऊल टाकताना आपण करतो आहो ते योग्य की अयोग्य, हा प्रश्न पडला होता.

‘सायलेंट नाइट’ या गीताविषयी इथेच दोन शब्द सांगितल्यावाचून मला राहवत नाही. कारण त्याची चाल एका शाळामास्तराने बांधली आहे. ऑस्ट्रियात साल्झबुर्गजवळ ओबेर्नडोर्फ नावाचे नदीकाठचे गाव आहे. तिथला दुय्यम पाद्री योझेफ मोर याने १८१६ साली हे शब्द लिहिले होते. १८१८ च्या नाताळच्या आदल्या दिवशी ते त्याने फ्रान्झ ग्रूबरच्या हाती दिले. ग्रूबर शेजारच्या आर्न्सडोर्फ गावी मास्तर होता आणि ओबेर्नडोर्फच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवी. त्याच रात्री दोघांनी मिळून गिटारच्या साथीवर ते गीत गायिले. पुढे ते देशोदेशी गेले, पण मास्तर मात्र विसरला गेला. ही चाल हायडनची किंवा मोझार्टची असावी, अशी मोठमोठ्या जाणकारांची समजूत होऊन बसली. शेवटी १८५४ साली बर्लिनच्या दरबारी वाद्यवृंदाकडून चौकशी आली, तेव्हा म्हाताऱ्या ग्रूबरने हकीकत लिहून पाठवली. शाळामास्तराला त्याचे श्रेय मिळायला छत्तीस वर्षे लागली; तरी मिळाले म्हणायचे.

३

संग्रहाचा मुकुटमणी ‘व्हाइट ख्रिसमस’. त्याचा कर्ता अर्व्हिंग बर्लिन. मूळ नाव इस्राएल बेलिन; जन्म १८८८ चा, रशियन साम्राज्यातल्या एका यहुदी कुटुंबात. १८९३ साली हे कुटुंब अमेरिकेच्या किनाऱ्याला लागले तेव्हा पोर पाच वर्षांचे होते. बाप यहुदी प्रार्थनामंदिरात स्तोत्रे गाणारा. तो लौकरच वारला आणि तेरा-चौदा वर्षांचा मुलगा घराबाहेर पडून न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर आणि खाणावळींत गाऊन पोट भरू लागला. याला जन्मभर स्वरलेखन वाचता आले नाही की लिहिता आले नाही. पियानोच्या काळ्या पट्ट्यांवर बोटे चालत तेवढीच त्याची विद्या; पट्टी बदलायला त्याने पियानोला एक खटका बसवून घेतला होता. तरी विसाव्या शतकातल्या अमेरिकेने ओठांवर बाळगलेली कितीतरी गाणी याच माणसाची.

‘व्हाइट ख्रिसमस’ १९४० च्या सुमारास कागदावर आले. त्याने म्हणायचे आणि त्याच्या मदतनिसाने लिहून घ्यायचे, ही रीत. मूळ गीताला आरंभी एक कडवे होते. त्यात गाणारा माणूस दक्षिण कॅलिफोर्नियात आहे. भोवती ऊन आहे, संत्र्यांची आणि ताडांची झाडे आहेत, डिसेंबर उजाडला आहे. आणि त्याला उत्तरेकडच्या बर्फाची आठवण येते आहे. म्हणजे मुळात हे गाणे सिनेमाच्या धंद्यासाठी उन्हाच्या मुलखात येऊन राहिलेल्या माणसाचे. बर्लिनने पुढे ते कडवे काढून टाकायला लावले आणि तबकडीवर ते कधी आलेच नाही. कडवे गेले तशी त्या माणसाची ओळखही गेली. तो कोण, कुठे अडकला आहे, का जाऊ शकत नाही, हे काहीच उरले नाही. उरली ती नुसती ओढ. त्यामुळे ज्याला ज्याला घरी जाता येत नव्हते, त्या प्रत्येकाला त्या रिकाम्या जागेत उभे राहता आले.

माझी विद्या मॅट्रिकपर्यंतची. इंग्रजी गाणे ऐकताना शब्दकोश मांडीवर घ्यावा लागतो. या गाण्यापुरता तो उघडावा लागला नाही. पन्नास-पंचावन्न शब्दांचे तर गाणे. बर्फ, झाडांचे शेंडे, कान देऊन ऐकणारी मुले, घसरगाडीच्या घंटा, नाताळची पत्रे. पाचवीतल्या पोराला कळावी अशी भाषा. चाल मात्र सरळ नाही. पहिल्याच ओळीत ती अर्ध्या अर्ध्या स्वराने सरकत वर जाते आणि खाली येते. शब्द आनंदाचे आहेत, पण चालीत हुरहूर आहे. सणाच्या गाण्यात ही हुरहूर कुठून आली असावी?

बर्लिनच्या आयुष्यातली एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे. त्याला एकच मुलगा झाला. १९२८ च्या डिसेंबरात जन्मलेले ते मूल महिनाही न भरता गेले. आणि गेले तो दिवस २५ डिसेंबर हा होता. बर्लिनची पत्नी कॅथलिक होती. मुली लहान होत्या तोवर त्यांच्यासाठी घरात नाताळ थाटाने साजरा होई. पण आईबापांना तो दिवस मनातून नकोसा असे, हे थोरल्या मुलीने पुढे आपल्या आठवणींत लिहिले आहे. गाण्यात मूल नाही, मरण नाही. कवीच्या दुःखाची सांगड त्याच्या ओळींशी घालण्याचा मोह इतिहासलेखकाने आवरावा हे बरे. एवढे मात्र खरे, की जगाने नाताळचे म्हणून डोक्यावर घेतलेले हे गाणे ज्याने रचले, तो जन्माने त्या धर्माचा नव्हता, आणि त्या दिवशी त्याच्या घरात एक रिकामा पाळणा आठवत असे.

४

क्रॉस्बीने हे गाणे प्रथम जाहीरपणे गायिले ते रेडिओवर, २५ डिसेंबर १९४१ रोजी. पर्ल हार्बरवर जपानी बाँब पडून अठरा दिवस झाले होते. मग २९ मे १९४२ रोजी लॉस अँजेलिसला, उन्हाळा तोंडावर आला असताना, जॉन स्कॉट ट्रॉटरचा वाद्यवृंद आणि केन डार्बीचा गायकवृंद साथीला घेऊन ते ध्वनिमुद्रित झाले. सारे काम अठरा मिनिटांत आटोपले. काही विशेष घडले आहे असे कुणालाही वाटले नाही. त्या ऑगस्टात आलेल्या ‘हॉलिडे इन’ या चित्रपटात प्रत्येक सणासाठी एकेक गाणे होते, आणि मंडळींची मदार निराळ्याच एका प्रेमगीतावर होती.

आता या कथेतला आपल्या देशाचा भाग. त्या काळची तबकडी होती लाखेची. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे किडे वस्ती करतात आणि अंगाभोवती राळेसारखे कवच तयार करतात. आदिवासी माणसे ते खरवडून काढतात. धुऊन, कापडी पिशवीत वितळवून, पातळ पत्रे ओढतात. सुतार ज्याला चपडा म्हणतात तो हाच. त्यात दगडाची भुकटी आणि काजळी मिसळून तापवायचे आणि ठशात दाबायचे, की झाली तबकडी. जगाला लागणारी बहुतेक लाख हिंदुस्थानातून जाई: छोटा नागपूर, मध्य प्रांत, आणि आपल्या गोंदियाकडची जंगले. लाक्षागृहाची गोष्ट मी वर्गात दरवर्षी सांगतो. पण न्यूयॉर्कच्या दिवाणखान्यातला नाताळही एके काळी आपल्याच लाखेत ओतला जात होता, हे मलाही फार उशिरा कळले.

जपानने पूर्वेकडचे समुद्र अडवले आणि ही लाख अमेरिकेला पोचेना. जी होती ती लष्कराला हवी होती. एप्रिल १९४२ मध्ये अमेरिकन सरकारने लष्कराबाहेरचा लाखेचा वापर ७० टक्क्यांनी कापला. कंपन्या लोकांना विनवू लागल्या, की जुन्या, फुटक्या तबकड्या आणून द्या, त्या वितळवून नव्या करू. म्हणजे कुणाच्या तरी घरातले जुने नाचगाणे वितळून त्याचा नाताळ झाला असेल! त्यातच १ ऑगस्ट १९४२ पासून वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार पुकारला. डेक्काशी त्यांची तडजोड झाली ती सप्टेंबर १९४३ मध्ये. ‘व्हाइट ख्रिसमस’ मे महिन्यात उरकले, जूनमध्ये ‘सायलेंट नाइट’, ‘अडेस्टे फिडेलिस’ आणि आणखी दोन भक्तिगीते नव्याने मुद्रित झाली. ते दोन महिने हुकते, तर ही कथा अशी घडती ना.

ऑक्टोबर १९४२ मध्ये ‘व्हाइट ख्रिसमस’ खपाच्या यादीत पहिले आले आणि अकरा आठवडे तिथेच राहिले. ते वर चढले ते मुख्यतः सैनिकांच्या मागणीवर. आफ्रिकेच्या वाळवंटात, पॅसिफिकच्या बेटांवर, जिथे बर्फाचे नावही नाही अशा ठिकाणी ही पोरे बसली होती आणि सैन्याच्या रेडिओला पत्रे लिहून हेच गाणे मागत होती. मार्च १९४३ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटगीताचे ऑस्कर मिळाले. पारितोषिकाचे पाकीट उघडण्याचे काम बर्लिनकडेच होते. आत निघाले त्याचेच नाव. सभागृहात हशा पिकला.

५

बहिष्कार उठल्याबरोबर डेक्काने अँड्र्यूज भगिनींना क्रॉस्बीच्या जोडीला घेऊन ‘जिंगल बेल्स’ आणि ‘सँटा क्लॉज इज कमिंग टु टाउन’ ही दोन खेळकर गाणी मुद्रित केली. पहिले १८५७ सालचे. नाताळचे म्हणून ते लिहिलेच गेले नव्हते, त्यात आहे ती बर्फावरच्या घोडागाडीची तरुण मौज. दुसरे १९३४ सालचे. लगोलग, ऑक्टोबर १९४३ मध्ये, ‘आय विल बी होम फॉर ख्रिसमस’ हे गीत झाले. हे गीत पत्रासारखे आहे. मी नाताळला घरी येतो, तयारी करून ठेवा, असे गाणारा सांगतो. आणि अगदी शेवटच्या ओळीत कळते, की हे येणे कदाचित स्वप्नातच व्हायचे आहे. पत्र लिहिणारा तेव्हा कुठे होता, हे १९४३ मध्ये कुणाला सांगावे लागत नव्हते.

१९४५ साली कॅपने संग्रह बांधायला घेतला, तो निराळे काही मुद्रित न करता. हाताशी असलेल्या पाच तबकड्या त्याने एकत्र बांधल्या. ‘मेरी ख्रिसमस’ या संग्रहात ‘डॅनी बॉय’ हे आयर्लंडच्या चालीवरचे, नाताळशी काडीचाही संबंध नसलेले विरहगीत का, याचा उलगडा यातूनच होतो. ‘आय विल बी होम’च्या तबकडीची दुसरी बाजू ‘डॅनी बॉय’ची होती. ‘व्हाइट ख्रिसमस’च्या पाठीवर नववर्षाचे एक गाणे होते, तेही तसेच आत आले. ‘फेथ ऑफ अवर फादर्स’ हे १८४९ चे, छळ सोसून धर्म राखणाऱ्या कॅथलिक पूर्वजांचे स्तोत्र. ते ‘गॉड रेस्ट यी मेरी जेंटलमेन’ या जुन्या इंग्रजी नाताळगीताच्या पाठीवर होते. संग्रह असा घरातल्या ट्रंकेसारखा भरला गेला. पण योगायोगाने जमलेल्या ह्या सामानात एक सूत्र दिसतेच. ‘डॅनी बॉय’मध्येही कुणीतरी दूर जातो आहे आणि कुणीतरी वाट पाहत मागे राहते आहे. १९४५ च्या हिवाळ्यात युद्ध संपले होते. काही घरांतली पोरे परतली होती, काही वाटेवर होती, काही परतणार नव्हती. अशा घरी हा संग्रह गेला.

१९४७ साली नववर्षाचे गाणे आणि ‘डॅनी बॉय’ काढून आठ गाण्यांचा संग्रह झाला. १९४९ मध्ये तो दहा इंची लाँगप्लेइंग तबकडीवर आला. १९५५ मध्ये बारा इंची तबकडी निघाली, तेव्हा जागा वाढली म्हणून ‘सिल्व्हर बेल्स’ आदी चार नवी गाणी घातली गेली. त्यांत एक हवाई बेटांचे आणि एक आयर्लंडच्या किलार्नीचे. आज संग्रह म्हणून जो ऐकला जातो तो मुख्यतः हा बारा गाण्यांचा.

या साऱ्यात १९४७ च्या मार्च महिन्यात जे घडले, त्याचे मला सर्वांत नवल वाटते. तबकडी छापायची ती धातूच्या ठशाने, आणि ठसे काढायचे ते मूळ मुद्रणावरून. ‘व्हाइट ख्रिसमस’ची मागणी एवढी प्रचंड, की ठसे काढून काढून १९४२ चे मूळच झिजून गेले. मग क्रॉस्बी, ट्रॉटर आणि डार्बी यांना पुन्हा एकत्र बोलावून, शक्य तितके हुबेहूब तसेच गाणे पुन्हा मुद्रित करण्यात आले. आज रेडिओवर लागते ते बहुधा हे दुसरे मुद्रण. पूर्वी होते तसे पुन्हा असावे, अशी इच्छा करणारे गाणे. आणि लोकांनी इतक्यांदा ती इच्छा केली, की मूळच उरले नाही! पूर्वीच्या नाताळचे स्वप्न पाहणाऱ्या गाण्याचीच अशी प्रतिकृती करावी लागावी, हे एखाद्या कादंबरीकाराने रचले असते, तर संपादकांनी ‘ओढूनताणून आणले आहे’ म्हणून साभार परत केले असते. इतिहासाला ती भीती नसते.

गिनेसच्या नोंदीप्रमाणे या एका गाण्याच्या पाच कोटींहून अधिक प्रती खपल्या. क्रॉस्बी स्वतः त्याचे श्रेय घेत नसे. हे गाणे कुठल्याही बेसूर पाखराने गायिले असते तरी चालले असते, अशा अर्थाचे तो काहीतरी म्हणे. युद्धकाळात सैनिकांपुढे गाताना मात्र तो हे गाणे टाळू पाही. कारण ते म्हटले, की समोरची माणसे उदास होत, आणि उदास करण्यासाठी तो तेवढ्या लांब गेला नव्हता. पण म्हटले नाही, तर तीच माणसे ओरडून ओरडून ते मागत.

६

आता आरंभीच्या निवाड्याकडे येऊ. बाजार होता, यात शंका नाही. ३५ सेंटच्या तबकडीचा हिशेब मीच वर मांडला आहे. क्रॉस्बी घरात कसा होता, तेही झाकायचे कारण नाही. त्याच्या थोरल्या मुलाने १९८३ साली लिहिलेल्या पुस्तकात बापाच्या चामडी पट्ट्याच्या माराची वर्णने आहेत. दुसऱ्या एका मुलाने ती खोडून काढली. सबंध देशाच्या शेकोटीशेजारी बसून गाणारा हा आवाज स्वतःच्या शेकोटीशेजारी तसाच होता की नाही, याविषयी त्याच्या मुलांचेही एकमत झाले नाही. आवाज म्हणजे माणूस नव्हे, एवढा बोध त्यातून घ्यावा.

पण ‘देव गेला आणि बाजार आला’ हे सूत्र मला अपुरे वाटते. या दहा गाण्यांत देवाच्या जागी येऊन बसले आहे ते घर. मोरच्या पाळण्यातल्या बाळाभोवती जी शांतता होती, तीच बर्लिनच्या बर्फाभोवती आहे; फक्त आता पूजा आहे ती सुटलेल्या घराची. रशियातून पाचव्या वर्षी उपटलेला यहुदी, आयर्लंडची आठवण सांगणाऱ्या कॅथलिक आईचा मुलगा, आणि खंदकातले अठरा-वीस वर्षांचे शिपाई, या सगळ्यांना एकत्र म्हणता येईल अशी दुसरी प्रार्थना त्या काळी कुणापाशी होती? श्रद्धावंताला ही तडजोड खुपेल, आणि त्याचे खुपणे खोटे नाही. घराची पूजा देवाच्या पूजेपेक्षा उणी आहे, असे तो म्हणेल. मी एवढेच म्हणतो, की ज्याला घरी जाता येत नाही त्याच्यापुढे हा वाद घालू नये.

डिसेंबर १९६५ मध्ये जेमिनी-७ या यानातून पृथ्वीभोवती फिरणाऱ्या बोरमन आणि लव्हेल या दोन अंतराळवीरांना, कोणते गाणे ऐकवू, असे खालून विचारण्यात आले. त्यांनी मागितले ‘आय विल बी होम फॉर ख्रिसमस’. ते दोघे खरोखरच नाताळाच्या आत परतले. क्रॉस्बी १४ ऑक्टोबर १९७७ रोजी माद्रिदजवळ गोल्फ खेळून परतताना कोसळला आणि गेला. आदल्याच महिन्यात लंडनजवळ त्याने टेलिव्हिजनसाठी नाताळचा कार्यक्रम मुद्रित करून ठेवला होता. तो दाखवला गेला, तेव्हा पडद्यावर हा मृत माणूस डेव्हिड बोवी नावाच्या तरुण गायकाबरोबर पाळण्यातल्या बाळाचे गाणे म्हणत होता. बर्लिन मात्र शंभरी ओलांडून १९८९ मध्ये वारला.

या गाण्याच्या आयुष्यातला एक प्रसंग अजून सांगायचा राहिला. २९ एप्रिल १९७५. सायगाव पडत होते. शहरात उरलेल्या अमेरिकनांना आधीच गुपचूप सांगून ठेवले होते, की सैन्याच्या रेडिओवर अमुक खूण ऐकू आली, की सर्व टाकून ठरल्या जागी हेलिकॉप्टर गाठायचे. खूण अशी होती: सायगावचे तापमान १०५ अंश फॅरेनहाइट असून ते वाढते आहे, असे निवेदक सांगेल आणि त्यानंतर ‘व्हाइट ख्रिसमस’ लागेल. ऐन उन्हाळ्यात, तोफांच्या आवाजात, ते लागले. माणसांनी हातातले काम टाकले आणि ती धावत सुटली. ज्यांना जागा मिळाली ती घरी गेली. वकिलातीच्या भिंतीबाहेर हजारो व्हिएतनामी माणसे हात वर करून उभी होती. त्यांचे घर तेच होते, आणि ते त्यांच्या डोळ्यांदेखत परके होत होते. गाण्याची खूण त्यांच्यासाठी ठरवलेली नव्हती.